सगळ्याच अंड्यांवर फुल्या

वन्सं गेल्याची बातमी मला त्यांच्याच पद्धतीनं मिळाली. मी पुण्याला लेकीकडे होते. दुपारी अडीचच्या सुमारास मोबाईलवर आमच्या ह्यांचा मेसेज आला, ‘फोन करतो आहे.’ एवढंच. आता आमच्या ह्यांनी लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत मला कुठल्याही गोष्टीची आगाऊ सूचना दिलेली नाही. पाच माणसं जेवायला आणतील आणि ती पायरीवर चपला काढेपर्यंत मला पत्ता नसायचा. फोनच्या आधी मेसेज टाकायची रीत आमच्या घरात एकाच माणसाची, माझ्या थोरल्या नणंदेची, कुसुमवन्संची. फोनची घंटा अचानक वाजली की माझ्या छातीत धडधडतं, म्हणून त्या आधी मेसेज टाकायच्या, दोन मिनिटं थांबायच्या आणि मग फोन करायच्या. तसा मेसेज ह्यांच्याकडून आला आणि मला काय ते कळलं. दोन मिनिटांनी फोन वाजला. ह्यांना बोलवेना. मीच म्हटलं, “वन्सं ना?” ते म्हणाले, “हो. जेवल्या, मागच्या पडवीत खुर्चीत बसल्या, आणि...” पुढचं मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा फोन वाजला आणि मी दचकले नाही.

स्मृतिलेखात माणूस देवमाणूस होऊन जातो, म्हणून आधीच सांगून टाकते, वन्सं देवमाणूस वगैरे नव्हत्या. हट्टी होत्या. माझ्या बांगड्याच्या तिखल्याला आठ वर्षांत ‘बरं झालंय’ याच्या वर मार्क दिले नाहीत. वर्तमानपत्र आधी त्यांना हवं, आणि वाचून झालं की घडी अशी विस्कटलेली की आमचे हे चिडायचे. त्यावर त्या आपल्या सत्तरीला आलेल्या भावाला म्हणायच्या, “सुऱ्या, बातमी वाच, घडी काय वाचतोस?” लग्न केलं नाही. मुंबईत एका संशोधन संस्थेत प्राण्यांच्या विभागात नोकरी केली, तीस वर्षं पांढऱ्या उंदरांत काढली. निवृत्तीनंतरही मुंबई सुटेना. गुडघे फारच कुरकुरायला लागले तेव्हा, आठ वर्षांपूर्वी, दोन बॅगा आणि वह्यांचं एक खोकं घेऊन रत्नागिरीला आमच्या नाचणे गावातल्या घरी कायमच्या राहायला आल्या. खरं सांगते, मला धडकी भरली होती. नणंद सुट्टीत येते ते वेगळं आणि रोज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन उभी राहते ते वेगळं.

आठवडाभरात त्यांनी माझी नोंद घेतली. ‘नोंद’ हा त्यांचा शब्द. कुकरची शिट्टी झाली की मी दचकते, दार वाजलं की हात छातीवर जातो, मागून कोणी हाक मारली तर हातातलं भांडं खाली. घरात सगळ्यांना याची सवय होती, चेष्टाही ठरलेली होती. वन्सं मात्र हसल्या नाहीत. तांदूळ निवडायला माझ्यासमोर बसल्या आणि विचारलं, “रजनी, तुझी आई कशी होती गो? घाबरट?” मी म्हटलं, माझ्यापेक्षा दुप्पट. मग त्यांना ती गोष्ट सांगितली. माझं माहेर पूर्णगडचं, वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल. माझ्या वेळी आईला सहावा महिना होता आणि वडिलांची बोट वादळात सापडली. कित्येक दिवस काही खबर नाही. कोणी दार वाजवलं की आईला वाटायचं, सांगायलाच आले. वडील सुखरूप परत आले, पुढे म्हातारे होऊन खाटेवर गेले, पण आई तेव्हापासून दाराच्या आवाजाला कायमची दचकायला लागली. आणि मी तिच्या मांडीवर बसून तेच शिकले. वन्संनी निवडता निवडता हात थांबवला आणि म्हणाल्या, “पोटात असतानाही आणि मांडीवरही. तुला दोन्हीकडून मिळालं.” मला इतकं बरं वाटलं. चाळीस वर्षं लोक मला भित्री म्हणत होते, त्याला काही कारण असू शकतं असं कोणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्यापाशी येण्याआधी सांगायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “मी येत्ये हं.” मी “या” म्हणेपर्यंत पाऊल आत टाकायच्या नाहीत. सुरुवातीला मला कसंसंच व्हायचं. माझ्याच घरात माझीच नणंद परवानगी मागते, शेजारणींनी ऐकलं तर काय म्हणतील. वन्सं म्हणायच्या, मी तीस वर्षं उंदरांच्या खोलीत शिरताना हेच केलं, तू तर घरची मालकीण. ही तुलना मानाची की अपमानाची ते मी अजून ठरवलेलं नाही.

उंदरांच्या गोष्टी त्या फार रंगून सांगायच्या. उंदराची आई पिल्लांना चाटते. काही आया खूप चाटतात, काही उरकल्यासारखं करतात. खूप चाटलेली पिल्लं मोठी झाली की मोकळ्या जागेत खुशाल फिरतात, कमी चाटलेली कोपरा धरून बसतात. मी म्हणायची, हे तर रक्तातच असणार, जशी आई तशी पोरं. त्या म्हणायच्या, “म्हणून तर पिल्लं जन्मल्याबरोबर बदलायची. घाबरट आईची निवांत आईकडे, निवांत आईची घाबरट आईकडे. मग बघायचं, पोर जन्म देणारीवर जातं की सांभाळणारीवर.” मग कशावर जातं, असं विचारलं तर सरळ उत्तर द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, पुष्कळदा सांभाळणारीवर, पण काही वाणच मुळात घाबरट, त्यांना कितीही चाटा. दोन्ही असतं, आणि कुठलं किती हे एकेका जिवाचं वेगळं.

आमच्याकडे उंदीर होते ते पांढरे नव्हते आणि त्यांच्यावर प्रयोग करायला मी तयार नव्हते. पण कोंबड्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात दोन कोंबड्या एकाच आठवड्यात खुडूक झाल्या, अंडी उबवायला बसल्या. एक आमची मामलेदारीण. अंगणातून अशी चालायची की बोका वाट सोडायचा. दुसरी पळपुटी, सुकलेलं पान पडलं तरी खुराड्यावर चढून बसणारी. वन्संचे डोळे चमकले. अंड्यांवर कोंबडी बसवताना आपल्या बायका एकीची अंडी दुसरीखाली सर्रास ठेवतात, त्यात नवं काही नाही. पण वन्संना ते मोजूनमापून करायचं होतं. दोघींची सात-सात अंडी, त्यातली निम्मीशिम्मी इकडची तिकडे. बदललेल्या अंड्यांवर त्यांनी कोळशानं एकेक फुली मारली, वहीत लिहून ठेवलं, आणि गुडघे धरत आत गेल्या. ह्यांनी एवढंच विचारलं की यातली एखादी पुढे रविवारी ताटात येणार का. “प्रयोगातली कोंबडी खात नाहीत,” वन्सं म्हणाल्या. हे दोन दिवस बहिणीशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ गडगडायला लागलं. आता आमच्या पूर्णगडला काय करतात, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवतात आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाची फुली मारतात. माझी आई करायची, तिची आई करायची. मी दोन खिळे घेऊन गेले आणि बघते तर निम्म्या अंड्यांवर फुल्या आहेत, निम्म्यांवर नाहीत. मला वाटलं, वन्संनाही हे माहीत आहे म्हणायचं. पण किती झालं तरी मुंबईत राहिलेल्या, अर्ध्यावर मारल्या आणि गुडघा दुखला म्हणून उठून गेल्या असतील. बिचाऱ्यांना परत वाकायला नको. मी उरलेल्या सगळ्या अंड्यांवर नीट ठळक फुल्या मारल्या, खिळे ठेवले आणि मोठ्या समाधानानं चहा टाकला.

सकाळी वही घेऊन त्या उंबऱ्याशी आल्या. “मी येत्ये हं” म्हणायला विसरल्या, त्यावरूनच मला शंका आली. “रजनी, अंड्यांवर फुल्या कोणी मारल्या?” “मीच. तुमच्या राहिल्या होत्या ना, त्या पुऱ्या केल्या,” मी म्हटलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, स्टूल ओढून खाली बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मला समजावून सांगितलं मी काय केलं ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, “अगो, आता कुठलं पिल्लू कोणाचं हे जगात कोणालाच कळायचं नाही. आता नुसतं बघत बसायचं.” वहीत त्या दिवशीची नोंद आहे, मी नंतर वाचली : ‘सर्व अंडी फुलीची. कारण : रजनी.’

पिल्लं निघाली. चौदातली अकरा जगली. काही पहिल्या दिवसापासून हुंदडणारी, काही आईच्या पोटाखालून बाहेर न येणारी, आणि मामलेदारीणबाईंच्या पंखाखाली एक करडं पिल्लू असं घाबरट निघालं की दाणे टाकले तरी थरथरायचं. ते पळपुटीचं की मामलेदारणीचं, कसं सांगणार. त्याच आठवड्यात आमच्या मेधाचा पुण्याहून फोन आला. तिला मूल होत नव्हतं, दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवून नाव नोंदवलं होतं, हे मला माहीत होतं. पण मी मनातून ते टाळत आले होते. मेधा म्हणाली, “आई, मुलगी आहे. अडीच वर्षांची. जुई नाव आहे. जन्मापासून संस्थेत आहे, मधे दोन ठिकाणं बदलली. जरा घाबरते, रात्री रडते. आम्ही हो म्हणतोय.”

मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण वन्संबद्दल लिहायचं तर ते लिहायलाच हवं. मी म्हटलं, “तान्हं बाळ घे ना. हिच्या बाबतीत जे बिघडायचं ते बिघडून गेलंय. तुझी आत्याच सांगते, सुरुवातीला भीती बसली की ती जन्माची. कोणाचं रक्त, काय काय बघितलेलं... तू आयुष्यभर निस्तरत बसशील.” मेधा म्हणाली, “आम्ही तिला आणणार आहोत, आई. तू भेटायला ये किंवा येऊ नकोस.” आणि फोन ठेवला. आमची एकुलती एक मुलगी. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तिनं मला फोन केला नाही आणि मीही केला नाही. ह्यांना करायची, खाली मान घालून हे पडवीत जाऊन बोलायचे.

वन्संनी सगळं ऐकलं होतं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “माझंच चुकलं. मी तुला अर्धंच सांगितलं.” मग उरलेलं अर्धं सांगितलं. वाईट सुरुवात झालेले उंदीर पुढे मोठ्या पिंजऱ्यात, सोबत्यांत ठेवले, रोज त्याच माणसाच्या त्याच हातांनी हाताळले, तर बरेचसे निवळतात. “भीती जात नाही, रजनी. मी खोटं सांगणार नाही. पण नरमते.” मी विचारलं, आणि हिची नाही नरमली तर? “नाही नरमली तर नाही नरमली. उंदरावरून मी मुलीची हमी देणार नाही. पण मला एक सांग, या पिल्लांत कोण कोणाचं हे तुला माहीत नाही, म्हणून तू कोणाला दाणे कमी घातलेस का?” मी म्हटलं, “वन्सं, ते कोंबडीचं पिल्लू आहे. त्याला शाळेत घालायचं नाहीये.” त्या म्हणाल्या, “तेही खरंच,” आणि वर्तमानपत्र विस्कटायला घेतलं.

त्यांच्या बोलण्यानं माझं मन वळलं असं मी म्हणणार नाही, मी एवढी सरळ नाही. वळलं ते त्या करड्या पिल्लापायी. बाकीची पिल्लं त्याला टोचायची, म्हणून मी त्याला दुपारी वेगळं घेऊन बसायला लागले. कुणी शिकवलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं की त्याच्यावर सावली पडता कामा नये, हात वरून जाता कामा नये, बाजूनं जायला हवा. आवाज करायचा तर आधी हळू, मग जरा मोठा. मला स्वतःला कसं आवडलं असतं तसं मी त्याच्याशी वागत होते. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या तळहातावर चढलं आणि कण्या टिपायला लागलं. मान वर केली तर वन्सं दारात, हात पाठीमागे. म्हणाल्या, “मला हे शिकायला कित्येक वर्षं लागली. तुला आपसूक येतं. घाबरलेल्याला काय होतं ते तुला आतून माहीत आहे ना.” आणि पुढे, “त्या पोरीला अशीच आजी लागेल.” मी हात धुतले, मोबाईल घेतला आणि मेधाला मेसेज टाकला, ‘फोन करत्ये.’ ती दोन मिनिटं मला फार जड गेली. तिनं उचलला. मी म्हटलं, “मेधा, चुकले मी. घेऊन ये तिला.” पलीकडे लेक रडत होती आणि इकडे माझ्या पदरावर पिल्लानं घाण केली होती.

दिवाळीत जुई आली. एवढीशी, मेधाच्या ओढणीत तोंड घालून. कोणाकडे बघेना. वन्संनी आम्हाला ताकीद दिली होती, कोणी उचलायचं नाही, गालगुच्चे नाहीत, ‘आजीकडे ये’ नाही. ह्यांना ते फार अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेधा आंघोळीला गेली, पोर स्वयंपाकघरात टेबलापाशी उभी, मी ओट्याशी, आणि कुकरची शिट्टी झाली. माझ्या हातातला डाव खण्णकन खाली, छातीवर हात. वळून बघते तर पोर टेबलाखाली, तिचाही हात छातीवर. तस्सा, अगदी माझ्या आईसारखा. मी काही विचार केला नाही. साठीच्या घरातली बाई, सरळ टेबलाखाली शिरले आणि जरा अंतर ठेवून तिच्या शेजारी बसले. दुसरी शिट्टी झाली, आम्ही दोघी दचकलो. तिसरीला तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दचकते का बघायला. दचकले. ती हसली. वन्सं उंबऱ्यावरून बघत होत्या. “रक्ताचा थेंब नाही हो तुझा तिच्यात,” त्या म्हणाल्या, “आणि दचकत्ये बघ कशी, तुझ्या वळणावर.” मला तिथेच टेबलाखाली बसून रडू आलं. त्या क्षणी मी तिची आजी झाले, कागद मागाहून झाले.

जुईची भीती पळून गेली असं लिहिलं तर वन्सं वरून वही घेऊन येतील. गेली नाही. फटाके, मिक्सर, अनोळखी काका, हे सगळं अजून आहे. पण दर सुट्टीत ती येते आणि पहिल्यांदा खुराड्याकडे पळते. वन्सं तिला कोंबड्यांपाशी न्यायच्या. दोघी हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या आणि एकदम म्हणायच्या, “आम्ही येत्यो हं.” कोंबड्यांचं उत्तर वन्संच द्यायच्या, बारीक आवाजात, “या गो या.” करडं पिल्लू आता कोंबडी झालंय, अजून पान पडलं की चढून बसतं, पण जुईच्या हातावर खातं. वन्संच्या वहीत त्याच्याबद्दलचं शेवटचं वाक्य आहे : ‘कोणाचं, माहीत नाही. बरं चाललंय.’ माझ्या तिखल्याला जे मार्क, तेच.

यंदा जूनमध्ये जुईची पहिलीची शाळा सुरू होणार म्हणून मी पुण्याला निघाले, तेव्हा वन्सं फाटकापर्यंत आल्या नाहीत, गुडघे. खुर्चीतूनच म्हणाल्या, “शाळेची घंटा कशी आहे ते आधी बघून घे. मोठी असेल तर तिला आदल्या दिवशी नेऊन ऐकव.” मी ऐकवली. शिपायानं वेड्यात काढलं आम्हाला, पण एकदा वाजवून दाखवली. हे मी वन्संना फोनवर सांगितलं, त्या खूश झाल्या. चार दिवसांनी ह्यांचा मेसेज आला.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. मेधा आणि जुई आठवडाभर राहिल्या. वन्संची खोली आवरायची होती, मी रोज उद्यावर टाकत होते. एका दुपारी शेवटी गेले, त्यांच्या खुर्चीत बसले, वह्यांचं खोकं पुढ्यात घेतलं. पहिलीच वही उघडली आणि ‘कारण : रजनी’ समोर आलं. मग मला आवरेना. दाराकडे पाठ होती, तोंडात पदर होता, कोणी आलं असतं तर मी हातभर उडाले असते. मागे कसलीच चाहूल लागली नाही. नुसता एक बारीक आवाज आला, उंबऱ्याच्या पलीकडून.

“आजी, मी येत्ये हं.”

वळून बघितलं तर जुई उंबऱ्याबाहेर उभी, हात पाठीमागे बांधलेले. पाऊल आत टाकलं नव्हतं. माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, “ये गो, ये.”